सबटायटल कुठे तोडावं?

‘ही एक्स्प्रेस अंबरनाथला थांबत’ एका तुकड्यात आणि ‘नाही’ पुढच्यात गेलं, की क्षणभर अर्थच उलटतो. सॉफ्टवेअर अक्षरं मोजून तोडतं, त्याला क्रियापद कळत नाही. ‘नाही’, ‘साठी’, ‘बरोबर’ मागच्या शब्दाला धरून ठेवणं आपलंच काम. सॉफ्टवेअरमधल्या कात्रीने सबटायटल तोडल्यावर बहुधा दोन्ही तुकड्यांत पूर्ण मजकूर उरतो, तो हाताने छाटावा.

वेळेचंही पाहा. ओळी सुरुवातीपासून आवाजाच्या सारख्याच मागे असतील तर सगळ्या एकदम सरकवा. फरक वाढत जात असेल तर फ्रेम रेट तपासा: २४ आणि २५ च्या घोळात तासाला अडीच मिनिटांची तफावत पडते. अक्षरांऐवजी चौकोन किंवा कचरा दिसला तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून पाहा, मग फॉन्ट बदला. एसआरटी फाइलच्या वेळेत सेकंदांनंतर स्वल्पविराम लागतो, व्हीटीटी फाइलच्या वेळेत टिंब.

उल्हासनगरात सिंधी सबटायटलांचा आणखी एक पेच. सिंधी अरबी लिपीत लिहिली तर उजवीकडून वाचायची, आणि पूर्णविराम हमखास भलत्या टोकाला उडी मारतो. देवनागरीत लिहिली तरी ॻ, ॼ, ॾ, ॿ असलेलाच फॉन्ट हवा. नोटो सान्स देवनागरीत ती आहेत.