एकच स्रोत, दोन कंपन्यांची ग्राफिक्स कार्डे

पुणे–नाशिक महामार्गावर आळेफाटा मागे पडला की थोड्याच वेळात संगमनेर तालुका, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. या हद्दीच्या अलीकडे, नारायणगावजवळच्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीच्या तबकड्या 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर तबकड्यांवर खिळते. पण त्यांनी टिपलेल्या लहरींतून आकाशाचे चित्र उभे करण्याचे मोठे काम ज्या वस्तूकडे आहे, ती संगणकावर गेम खेळणाऱ्या कोणत्याही मुलाच्या ओळखीची आहे. ती वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

हे कार्ड तिथे कशाला लागते? रेडिओ दुर्बीण प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी गुणून पाहते. 30 तबकड्यांच्या अशा 435 जोड्या होतात. सुरुवातीला हा गुणाकार खास त्यासाठीच्या चिप्स करत. पुढे 2010च्या सुमारास तो लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहाकडे आला. तेव्हा लहरींचा 32 मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा एका वेळी हाताळता येई. दुर्बीण अद्ययावत झाली आणि पट्टा 400 मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला. आता हिशेब करून पाहा. प्रत्येक तबकडीचे दोन संकेत, म्हणजे एकूण 60, आणि प्रत्येकाची सेकंदाला 80 कोटी मोजमापे. दर सेकंदाला 48 अब्ज आकडे आत येतात. तबकड्यांच्या जोड्या आणि प्रत्येकीचा स्वतःशी गुणाकार धरला, तर सेकंदाला सुमारे 372 अब्ज संमिश्र गुणाकार करावे लागतात, तेही न थांबता, कारण आकाश कुणासाठी थांबत नाही.

साधा प्रोसेसर अवघड कामे एकामागून एक, हुशारीने उरकतो. ग्राफिक्स कार्डाची घडण वेगळी आहे. पडद्यावरच्या 20 लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा, तर एकच छोटे गणित लाखो वेळा एकाच वेळी व्हावे लागते, म्हणून त्यात हजारो लहान गणनयंत्रे शेजारी शेजारी बसवलेली असतात. दुर्बिणीचे गणितही नेमके याच जातीचे आहे. खोडदच्या नव्या यंत्रणेत संकेतांचे आकड्यांत रूपांतर झाले की ते एनव्हिडिया कंपनीच्या टेस्ला कार्डांकडे जातात.

या कार्डांसाठी आज्ञावली लिहायची ‘कुडा’ ही पद्धत एनव्हिडियाने 2007 मध्ये खुली केली. खुली म्हणजे वापरायला खुली. ती चालते मात्र त्याच कंपनीच्या कार्डांवर. कुडा उत्तम आहे, तिची कागदपत्रे नेटकी आहेत, आणि म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा तिच्यात गुंतल्या. कार्डाची कंपनी बदलायची म्हटले की वर्षानुवर्षे लिहिलेल्या ओळी नव्याने लिहिण्याची वेळ येते.

कॅनडात पेंटिक्टनजवळ काही शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या ‘चाइम’ या दुर्बिणीला हलणारा एकही भाग नाही. 100 मीटर लांबीचे चार अर्धगोल पन्हाळ जमिनीवर पसरलेले आहेत. त्यांतून 2048 संकेत येतात, आणि जोड्या होतात सुमारे 21 लाख. इथे त्यांनी एएमडी कंपनीची कार्डे निवडली. दोन चिप्सचे एक कार्ड, अशा एकूण 1024 चिप्स. लहरींचे भागही 1024 पाडलेले, म्हणजे एका चिपच्या वाट्याला एक भाग. आज्ञावलीसाठी त्यांनी ‘ओपनसीएल’ ही 2008 सालची, कोणत्याही एका कंपनीची मालकी नसलेली पद्धत घेतली. दुर्बिणीचे आकडे चारच बिटांचे असतात हे हेरून त्यांनी एका 32 बिटांच्या संख्येत ते एकापेक्षा अधिक भरले आणि एकाच गुणाकारात अनेक गुणाकार साधले. मला या साऱ्या कथेतले हे सर्वांत सुंदर कसब वाटते. त्यांची प्रक्रिया चालवणारी ‘कोटेकान’ ही आज्ञावलीही सर्वांना वाचायला मोकळी आहे.

चाइमला आकाशात एक स्रोत सापडला. सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका सर्पिल दीर्घिकेतून क्षणार्धात विरणारे रेडिओस्फोट येत होते, आणि त्यांचा सक्रिय काळ साधारण 16.35 दिवसांनी पुन्हा येत होता. 2020 मध्ये हे जाहीर झाले. त्याच वर्षी खोडदच्या दुर्बिणीने याच स्रोताचे 15 स्फोट टिपले. एकीकडे एएमडी आणि ओपनसीएल, दुसरीकडे एनव्हिडिया आणि कुडा. दोन्ही वाटांनी तेच दूरचे स्फोट हाती लागले.

आता संगमनेर, लोणी किंवा कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा विचार करू. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुले खोडदला आपापले प्रयोग मांडायला येतात. अशा मुलाला मुक्त सॉफ्टवेअरच्या विकासात हात घालायचा असेल, तर कार्डाची कंपनी हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. कार्ड आणि लिनक्स यांच्यामध्ये ड्रायव्हर असतो. त्याचा एक भाग लिनक्सच्या गाभ्यात बसून कार्डावरची स्मृती वाटून देतो. दुसरा भाग आपल्या आज्ञावलीचे चिपच्या भाषेत रूपांतर करतो; हे काम बहुतेकदा ‘मेसा’ या प्रकल्पाकडे असते, जो ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये सुरू केला.

एएमडीने 2007 पासून आपल्या चिप्सची माहिती प्रसिद्ध करायला घेतली, आणि 2015 मध्ये तिचा नवा मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आला. असे कार्ड बसवले की बहुधा वेगळे काही घालावे लागत नाही. एनव्हिडियाच्या बाबतीत बाहेरच्या लोकांनी चिपचे वागणे निरखून ‘नूवो’ हा ड्रायव्हर रचला. पुढे कंपनीने चिपच्या आत चालणाऱ्या आज्ञावलीवर, म्हणजे फर्मवेअरवर, आपल्या डिजिटल सहीची अट घातल्याने त्याला नव्या कार्डांचा वेग वाढवता येईना. 2022 मध्ये तिने गाभ्यातला भाग खुला केला. वरचा भाग अजून बंद आहे. एएमडीचे फर्मवेअरही बंदच आहे, हे सांगितले पाहिजे. शिवाय तिच्या ‘आरओसीएम’ या गणनाप्रणालीचा अधिकृत आधार निवडक कार्डांनाच मिळतो. घेण्याआधी यादी पाहावी, नाहीतर चित्र उत्तम दिसेल आणि गणित अडेल.

तरीही शिकणाऱ्याने वाचता येईल असा ड्रायव्हर असलेले कार्ड घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. असा ड्रायव्हर बाहेरच्यांनाही घडवता येतो, याचे एक उदाहरण पाहा. 2016 मध्ये ‘व्हल्कन’ या ग्राफिक्सच्या पद्धतीसाठीचा एएमडीचा ड्रायव्हर अजून बंद होता. तेव्हा कंपनीबाहेरच्या डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या दोघांनी ‘आरएडीव्ही’ हा स्वतःचा ड्रायव्हर लिहायला घेतला. कंपनीने पुढच्या वर्षी आपला ड्रायव्हर खुला केला, पण लिनक्सवर लोक आरएडीव्हीच वापरत राहिले. 2025 मध्ये एएमडीने आपला प्रकल्प थांबवला आणि आरएडीव्हीलाच पाठबळ देण्याचे जाहीर केले.