बंद पडलेल्या तालमी

अहिल्यानगर जिल्ह्यात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. हलगी वाजते, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि शेवटच्या मानाच्या कुस्तीला गर्दी उसळते. फड अजून भरतात, पण त्यांना पैलवान पुरवणाऱ्या कितीतरी गावच्या तालमी मात्र केव्हाच मिटल्या.

तालीम म्हणजे मारुतीची मूर्ती, वस्ताद आणि लाल मातीचा हौद. ही माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवावे लागते आणि रोज खोऱ्याने उकरावी लागते. चार महिने हात लागला नाही तर ती दगडासारखी होते. तालीम मरते ती बहुधा अशी, वस्तादामागे माती उकरणारा कोणी उरला नाही की. त्यात खुराकाचा खर्च, मॅटवरच्या स्पर्धा, शहरातल्या जिम आणि पाथर्डी-शेवगावकडून दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे.

2025 मध्ये महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झाली. 1961 पासूनच्या या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी सहज मिळते. बंद तालमींची मिळत नाही. आयर्लंडमध्ये मात्र हर्लिंग या खेळाचे क्लब 1884 साली स्थापन झालेल्या संघटनेशी जोडलेले, त्यामुळे विरलेल्या संघांचीही नावे जुन्या निकालांत सापडतात. आपल्याकडे यात्रेची जुनी हँडबिले आणि म्हाताऱ्या पैलवानांची आठवण, एवढाच आधार आहे. ही आठवण आत्ताच लिहून घ्यायला हवी, गावोगावी, वस्तादांच्या नावांसकट.