आकाशातून उतरलेली लेक



उन्हाळा लागला की जैनथच्या बांधांवरील रुईची बोंडे उकलतात आणि त्यांतील ‘म्हाताऱ्या’ वाऱ्यावर तरंगू लागतात. बी लहानसे, परंतु त्याच्या शिरावरील तंतूंचा झुबका हवा अडवितो, म्हणून ते अलगद भूमीवर येते. हवाई छत्रीचे तत्त्व हेच होय.

मनुष्यासाठी अशा छत्रीचे चित्र सुमारे ४०० वर्षांपूर्वी ग्रंथात छापणारे फाउस्ट व्रांचिच हे आपल्याच ख्रिस्तसभेचे एक बिशप होते. पुढे २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे आंद्रे गार्नरँ यांनी बलूनमधून उंचावर जाऊन छत्रीसह खाली उतरून दाखविले. छत्रीच्या माथ्यास छिद्र नसल्याने कोंडलेली हवा कडांवरून निसटे व छत्री भयंकर हेलकावे खाई. तथापि ते सुखरूप उतरले.

आपल्या महाराष्ट्रात हे साहस एका कन्येने केले. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या २१ व्या वर्षी, उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली. शून्याखाली ३७ अंश थंडी, आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी! डिसेंबर २००६ मध्ये त्या अंटार्क्टिकावर उतरल्या. २००८ साली पुण्यात त्यांचा विवाहही बलूनमध्ये झाला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली.

कोणी विचारील, ही देवाची परीक्षा पाहणे नव्हे काय? मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सैतानाने सुचविले, तेव्हा प्रभू येशूने नकार दिला होता. प्रश्न रास्त आहे. देव झेलील म्हणून रिकाम्या हाताने उडी टाकणे हा उद्दामपणा. परंतु देवाने दिलेली बुद्धी वापरून, छत्री पाठीस बांधून, भीती गिळून पाऊल टाकणे हे धैर्य होय.

आयाबापांनो, आपल्या मुलीही शिक्षणासाठी, परिचारिकेच्या सेवेसाठी दूरच्या शहरी जाऊ इच्छितात. ‘पडेल’ या भयाने आपण दार लावून घेतो. दार लावण्याऐवजी तिच्या पाठीवर छत्री बांधा: विद्या, सद्वर्तन, प्रार्थनेची सवय आणि केव्हाही परत येता येईल असे घर. मग आशीर्वाद देऊन तिला जाऊ द्या.

बोंडातच राहिलेले बी सुरक्षित असते खरे. पण ते रुजत नाही.