वल्द गणपत, मौजा समुद्रपूर

बारावीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात कितीतरी घरांत पणजोबांचा शोध सुरू होतो. राखीव जागेवरच्या प्रवेशाला जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी पूर्वज कागदावर दाखवावा लागतो. इतर मागासवर्गीयांकडून १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांकडून २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. जिवंतपणी पणजोबांची एवढी चौकशी कोणी केली नसेल.

अमेरिकेत हाच शोध बहुतांशी हौसेचा. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून उतरलेल्या प्रवाशांशी नाते सिद्ध करणाऱ्यांची तिथे रीतसर संस्था आहे. पण कागद तिथेही सगळ्यांना सारखा पावत नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले, गुलामांची मात्र मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग एवढीच नोंद झाली. म्हणून आफ्रिकी वंशाच्या बहुतेक कुटुंबांचा माग १८७० च्या जनगणनेपाशी येऊन अडतो.

जुने दप्तर वंशजांसाठी लिहिलेलेच नसते. सरकारला जे हवे तेवढे त्यात असते, आणि हे ध्यानात न घेता नक्कल मागायला जाणारा हमखास निराश होतो.

विदर्भात सगळ्यांच्या तोंडी असलेला कागद म्हणजे कोतवाल बुक. मध्य प्रांताच्या काळात गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल पोलीस ठाण्यावर नेऊन देई आणि तिथे ती नोंदली जाई. जन्माची ओळ वाचली की नवखा माणूस गोंधळतो. तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, गाव असते, मुलगा की मुलगी तेही असते. बाळाचे नाव मात्र बहुधा नसते. बारसे व्हायच्या आधीच खबर ठाण्यावर पोचलेली! त्यामुळे ‘गणपत, जात कुणबी, यास मुलगा झाला’ एवढ्यावरून तो मुलगा म्हणजे आपले आजोबाच, हे दुसऱ्या कागदाने जुळवावे लागते. तिथे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कामी येते, कारण त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख एकत्र सापडते. मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात पानोपानी ‘ताप’ लिहिलेला दिसतो. १९१८ च्या मानमोडीने, म्हणजे फ्लूच्या साथीने, मध्य प्रांतात हाहाकार माजवला होता, तोही या ‘तापा’तच जमा.

आडनावावर फार विसंबू नये. जुन्या कागदात माणूस ‘तुकाराम वल्द गणपत’, म्हणजे गणपतचा मुलगा तुकाराम, असतो, बाई ‘जौजे’ (बायको) किंवा ‘बेवा’ (विधवा) म्हणून कोणाच्या तरी नावामागे उभी असते. खरा धागा गावाचा. मौजा चुकला की सगळेच चुकले.

जमिनीचे दप्तर याहून जुने. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा निघाला आणि त्याच दशकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जिल्ह्याचा जमीनमहसुली बंदोबस्त केला. बंदोबस्ताच्या या कागदांत मालगुजार ठळक दिसतो, कुळेही सापडतात. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती तो शेतमजूर मात्र तिथे शोधून सापडायचा नाही. त्याच्या नातवाला कोतवाल बुक आणि शाळा हेच दोन आधार. गावोगावचे कोतवाल बहुधा महार समाजातले. अख्ख्या गावाचे जन्ममृत्यू ज्यांनी ठाण्यावर पोचवले, त्यांची स्वतःची नोंद जमिनीच्या कागदात शोधताना त्यांच्याच नातवंडांची दमछाक होते.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले अधिकार अभिलेख आजही उपयोगी पडतात.

कागद कुठे आहे, हा आणखी एक घोळ. १९०६ च्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या तहसिली तीनच: वर्धा, आर्वी, हिंगणघाट. समुद्रपूर तेव्हा हिंगणघाटात. त्यामुळे जुना कागद समुद्रपूरला मिळाला नाही तर हिंगणघाट आणि वर्ध्याचे अभिलेख कक्षही पाहावे लागतात. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. घर जागचे हलले नाही, कागदावरचे राज्य बदलत गेले.

माना समाजाची कथा तर आणखी गुंतागुंतीची. १९७६ च्या कायद्याने ठरावीक भागापुरतेच जमात मानण्याचे क्षेत्रबंधन उठेपर्यंत या भागातल्या मानांना अनुसूचित जमातीचा लाभच नव्हता. पुढे माना ही स्वतंत्र जमात आहे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी प्रत्येक अर्जदाराला आपला पणजा स्वतःच शोधावा लागतो.

सरकारी दप्तराखेरीज दुसरी वाट तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया इथल्या वह्यांत गावनिहाय वंशावळी उतरवलेल्या असतात. हरिद्वारच्या अशा वह्या अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मवर घेतल्या आहेत. घरातून कोणी अस्थी घेऊन गेले असेल, तर कोणत्या उपाध्यायाकडे उतरले ते विचारून घ्यावे.

शोध घरापासूनच सुरू करावा. या दिवाळीत सगळे जमले की थोरल्या आत्याला किंवा आजीला समोर बसवा. पणज्याचे नाव, त्याचे हाकेचे नाव, मूळ मौजा आणि तो कोणत्या शाळेत गेला ते लिहून घ्या. मग निकालाची वाट न पाहता प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. कोतवाल बुकाची पाने हात लावताच तुटतात.