डांबरी सापशिडी

मे महिन्यात चंद्रपूरकडे रस्ता ओलांडताना चप्पल डांबराला चिकटते. हवा 45 अंशांवर गेली की काळा रस्ता सहज साठीच्या पुढे तापतो. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-30 डांबर किती अंशांना मऊ पडावं, याची मानकातली किमान मर्यादा आहे 47. खडीच्या जोरावर रस्ता तगतो खरा. पण सिग्नल, बसथांबा, घाटाची चढण अशा ट्रक रेंगाळणाऱ्या जागी चाकांखालचा थर दबत, सरकत जातो आणि चाकोरी पडते.

हे उन्हाचं दुपारचं काम. त्याचं दुसरं काम वर्षानुवर्षं चालतं आणि ते नेमकं उलटं आहे: ऑक्सिजनशी संयोग होऊन डांबर कडक, ठिसूळ होतं आणि वरून भेगा धरतं. मग पावसाचं पाणी आत उतरतं. खड्डा दिसतो तेव्हा दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

ते आधी कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात सैनिकांनी चालवलेले ट्रक फिरवफिरवून रस्ते मुद्दाम मोडून पाहिले गेले. जगभर वापरली जाणारी रस्त्यांची सूत्रं त्यातून निघाली. पण तिथले रस्ते सर्वाधिक मोडले ते गोठलेली जमीन वसंतात वितळताना. उन्हाळी मुलखाला ते गणित जसंच्या तसं कसं लागू पडणार?

अमेरिकेतल्याच अ‍ॅरिझोनाने वेगळी वाट धरली. वाळवंटापासून बर्फाळ पठारापर्यंत पसरलेले 7,400 मैलांचे महामार्ग, आणि पैसा मोजका. गोलाबी, कुलकर्णी आणि वे या तिघांनी (हो, कुलकर्णीच!) 1982 च्या लेखात मांडलेली तिथली पद्धत थेट सापशिडीसारखी आहे. सोंगटी पुढे कुठे जाणार हे ती आत्ता कुठल्या घरात आहे त्यावर आणि फाशावर ठरतं. तसंच रस्त्याच्या प्रत्येक मैलाला त्याच्या अवस्थेप्रमाणे एक घर द्यायचं. अशी घरं होती 120. मग या घरातला रस्ता वर्षभरात कुठल्या घरात उतरण्याची शक्यता किती, याचा तक्ता करायचा. रहदारी आणि हवामान यांनुसार तक्ते वेगळे. या पटावर साप फुकट. शिडी, म्हणजे दुरुस्ती, मात्र विकत घ्यावी लागते.

मला यातली खरी हुशारी घर ठरवण्यात दिसते. रस्ता किती खडबडीत, किती भेगाळलेला, एवढंच त्यांनी विचारलं नाही. गेल्या वर्षभरात भेगा किती वाढल्या, हेही विचारलं. सोंगटीला मागचं काही आठवत नाही, रस्त्याला आठवतं. दोन रस्ते आज सारखेच भेगाळलेले असले, तरी ज्याच्या भेगा परवापरवा धावत सुटल्या त्याची तब्येत निराळी.

तक्त्यांनी एक जुनी समजूतही मोडली. तोवर दुरुस्तीला डांबरी मिश्रणाचा पाच इंची थर चढवायची रीत होती. तीन इंची थराचा रस्ता त्याहून फारसा लवकर बिघडत नाही, असं आकड्यांनी दाखवलं. वेळ साधली तर पातळ थर पुरतो. पहिल्याच वर्षी, 1980-81 मध्ये, 1 कोटी 40 लाख डॉलर वाचले.

तो तक्ता आणून विदर्भात टांगता येणार नाही. ऊन जुळेल, पण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती तिथे नाही, आपला चार महिन्यांचा पाऊसही नाही. आपला तक्ता आपणच, तोच मैल दरवर्षी मोजून, भरायला हवा. आपण मोजतो ते बहुधा खड्डे, तेही गणपतीच्या तोंडावर.

आणि भरलेला तक्ताही शिळा होतो. जुलै 2018 मध्ये आपल्याकडे ट्रकच्या चार टायरांच्या एकेरी आसाची भारमर्यादा 10.2 वरून 11.5 टनांवर गेली. वजन वाढलं जेमतेम 13 टक्के. पण इलिनॉयच्या त्या चाचणीतला एक ठोकताळा इथेही वापरतात: रस्त्याची झीज वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. कागदावर करून पाहा. मर्यादेपर्यंत भरलेल्या आसाखालची झीज सुमारे 60 टक्क्यांनी वाढते.