कुत्र्याच्या अंगावरील खुणा आणि त्याचें कूळ

पावसाळ्याच्या तोंडीं रस्त्यावर सांपडलेलें एखादें पिल्लूं मुलें घरीं घेऊन येतात. आई आधीं रागावते, मग वाटींत दूध ओतते. आणि सायंकाळपर्यंत आळींतील जाणतीं माणसें परीक्षेस बसतात. कोणी जबडा उघडून जिभेवरील काळा डाग दाखवितो व 'ह्याच्यांत चाऊचें रक्त आहे' असा निकाल देतो. कोणी डोळ्यांवरील तांबूस ठिपके पाहून रॉटवायलरचें नांव घेतो. कोणी मागच्या पायांचीं नखें मोजून 'वीस नखांचा आहे, जपून ठेवा' असें बजावतो. तिघेही अगदीं खात्रीनें बोलतात. प्रश्न इतकाच, कीं अंगावरील खुणेवरून कुळाचा असा पत्ता खरोखर लागतो काय?

उत्तर देण्यापूर्वीं खूण कशी उत्पन्न होते हें पाहिलें पाहिजे. पांढऱ्या पंजांचेंच उदाहरण घ्यावें. गर्भावस्थेंत केसांना रंग देणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या रेषेंत निर्माण होतात व तेथून दोन्ही अंगांनीं खालीं पसरत जातात. छाती, पंजे आणि शेपटीचें टोक हीं त्या प्रवासाचीं अखेरचीं ठाणीं. पेशी तेथवर पुरेशा पोहोंचल्या नाहींत, कीं ती जागा पांढरी राहते. असें कोणत्याही कुत्र्याच्या बाबतींत घडूं शकतें. त्यासाठीं घराण्यांत विलायती पूर्वज असावाच लागतो असें नाहीं. जिभेवरील डागही त्वचेवरच्या तिळासारखाच रंगद्रव्याचा सांठा होय. चाऊची सबंध जीभ निळसर काळी असते हें खरें. पण काळे ठिपके लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा शुद्ध जातींच्या कुत्र्यांच्या जिभेवरही आढळतात.

मागच्या पायांवरील जादा नखाचीही तीच कथा. सामान्यतः कुत्र्यास पुढें पांच पांच व मागें चार चार, अशीं अठरा नखें असतात. फ्रान्समधील बोसेराँ जातींत मागचें जादा नख हें जातीचें लक्षणच मानतात. परंतु तें साध्या गांवठी कुत्र्यासही असूं शकतें.

'क' हें अक्षर ज्ञानेश्वरींत आहे आणि वाण्याच्या खातेवहींतही आहे. एखाद्या फाटक्या कागदावर नुसता 'क' दिसला, तर तो कागद कोणत्या ग्रंथाचा हें सांगतां येईल काय? खूण ही अशीच एका अक्षरासारखी आहे. कुत्र्याच्या शरीरांत सुमारें २०,००० जनुकें असतात. जनुक म्हणजे आईबापांकडून येणारी, शरीराची घडण ठरविणारी आज्ञा. इतक्या आज्ञांपैकीं बाह्य रूप ठरविणाऱ्या फारच थोड्या. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें, कीं केस आंखूड कीं लांब, सरळ कीं कुरळे, भुवया-मिशा झुबकेदार कीं नाहींत, ह्या बहुतेक जातींतील भेदांच्या मुळाशीं अवघीं तीन जनुकें आहेत. मनुष्याच्या नजरेस भरतात तीं हीं दोनचार अक्षरें. बाकीचा ग्रंथ मिटलेलाच राहतो.

शिवाय ह्या खुणा जातींहून फार जुन्या आहेत. काळ्या अंगाच्या कुत्र्यास डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके असले, कीं दुरून त्याला चार डोळे असल्यासारखें भासतें. ऋग्वेदांत यमाच्या दोन श्वानांस 'चतुरक्ष' म्हटलें आहे, त्याचा अर्थ अनेक अभ्यासक असाच लावतात. पारशी समाजाच्या अंत्यविधींत 'सगदीद'साठीं असाच कुत्रा पसंत करण्याची परंपरा आहे. उलटपक्षीं, कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी लंडनची केनेल क्लब ही संस्था १८७३ सालीं स्थापन झाली, आणि आजच्या बहुतेक विलायती जाती गेल्या दीड-दोनशें वर्षांतच पक्क्या झाल्या. ठिपके आधींचे, रॉटवायलर मागाहूनचा. रॉटवायलरनें ते जुन्या भांडारांतून घेतले. गल्लींतल्या कुत्र्यानें रॉटवायलरपासून घेतले असें मानण्यास आधार नाहीं.

मग शुद्ध जातीचा कुत्रा पाहतांच ओळखूं येतो तो कसा? तेथें पुष्कळ खुणांची एक मोळी पिढ्यानुपिढ्या निवड करून घट्ट बांधलेली असते. संकर झाला, कीं मोळीची दोरी सुटते. अमेरिकेंत मेन संस्थानांतील बार हार्बर येथें स्कॉट व फुलर ह्या शास्त्रज्ञांनीं बसेन्जी व कॉकर स्पॅनिअल ह्या दोन जातींचा संकर करून पाहिला व १९६५ सालीं त्याची हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. आईबाप पूर्णपणें ठाऊक असूनही, ज्यांच्याकडे पाहून त्या दोन जातींचें नांव कोणास सुचूं नये, अशीं पिलें त्यांत निघालीं. पुढच्या पिढ्यांत तर खुणांचा हिशेब आणखी विसकटतो. पणजोबाजवळ एखाद्या जनुकाची एकच प्रत असेल, तर ती पणतूपर्यंत पोहोंचण्याचा संभव आठांत एक. म्हणजे रक्त असून खूण नसणें आणि खूण असून बाकीचें रक्त नाममात्र असणें, ह्या दोन्ही गोष्टी सहज घडतात.

जाणकारांची नजर तरी चुकत नसेल, असें कोणास वाटेल. त्याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत चार आश्रयगृहांतील १२० कुत्रे तेथील १६ कर्मचाऱ्यांस दाखविण्यांत आले. त्यांत चार पशुवैद्यही होते. ६२ कुत्रे पिट बुल धर्तीचे आहेत असें निदान एका तरी परीक्षकाचें मत पडलें. डी. एन. ए. तपासल्यावर तसे निघाले फक्त २५. हें संशोधन २०१५ सालीं प्रसिद्ध झालें.

कांहीं खुणा मात्र बऱ्याच बोलक्या असतात. ऱ्होडेशियन रिजबॅक ह्या दक्षिण आफ्रिकेंतील जातीच्या पाठीवर केसांची एक उलटी पट्टी असते. तिचें कारण २००७ सालीं सांपडलें: जनुकांचा एक तुकडा तेथें दुबार लिहिला गेला आहे. परंतु तोच दुबार तुकडा थायलंडच्या रिजबॅकमध्येंही आहे. म्हणजे सर्वांत स्पष्ट खूणसुद्धां एका घराकडे बोट न दाखवितां दोन घरांकडे दाखविते.

डी. एन. ए.ची परीक्षा ह्याहून पुष्कळ विश्वसनीय. २००४ सालच्या एका संशोधनांत ८५ जातींतील कुत्र्यांपैकीं शेंकडा ९९ कुत्र्यांची जात तिनें बिनचूक सांगितली. मात्र ती परीक्षा ज्ञात जातींच्या यादीशीं तुलना करूनच बोलते. भारतांतील रस्त्यावरच्या कुत्र्यास ती यादी नीट लागू पडत नाहीं. २०१५ सालीं ३८ देशांतील गांवठी कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्यांत भारतांतील अशा कुत्र्यांमध्यें युरोपीय रक्ताचें मिश्रण अगदींच थोडें आढळलें. ते कोणत्याही विलायती जातींची खिचडी नाहींत; ते स्वतंत्र व प्राचीन कुळाचे आहेत.

हा वाद केवळ हौसेचा नाहीं. ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्याखालीं कुत्रा निषिद्ध धर्तीचा आहे कीं नाहीं हें त्याच्या रूपावरून व मापांवरून ठरतें. तसा ठरला तर प्रसंगीं त्याच्या जिवावर बेततें. भारतांतही मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागानें २३ जाती व त्यांचे संकर धोकादायक ठरवून त्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्याविषयीं परिपत्रक काढलें होतें. एप्रिल २०२४ मध्यें कर्नाटक उच्च न्यायालयानें तें रद्द केलें. 'संकर' हा शब्द कागदावर लिहिणें सोपें. समोरच्या कुत्र्यांत तो नजरेनें ओळखणें किती अवघड, हें वरील हकीकतीवरून कळून येईल. शिवाय जात निश्चित ठाऊक असली, तरी स्वभाव ठाऊक होतो असें नाहीं. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांस प्रश्न विचारून २०२२ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत कुत्र्या-कुत्र्यांमधील वागणुकीच्या भेदांपैकीं जातीमुळें उलगडणारा भाग शेंकडा ९ च्या आसपास निघाला.

तेव्हां घरीं आलेल्या पिल्लाचा जबडा उघडावयाचाच असेल, तर दांत व हिरड्या निरोगी आहेत काय हें पाहण्यासाठीं उघडावा. तें माणसांस भितें कीं बिलगतें, मुलांनीं शेपूट ओढली तर काय करतें, परका दाराशीं आला तर कसें वागतें, हें चार महिने लक्षपूर्वक पाहावें. वेळेवर रेबीजची लस टोंचून घ्यावी. आणि शेजाऱ्यांनीं 'कोणत्या जातीचें?' म्हणून विचारलें, तर 'येथलेंच आहे' इतकें उत्तर पुरे. तें बहुधा खरेंही असेल.