जुनी वास्तु व अमेरिकन कायदा

न्यूयॉर्क येथील पेनसिल्व्हेनिया स्टेशनाची भव्य इमारत १९६३ सालीं पाडण्यास आरंभ झाला, तेव्हां सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. पुढें १९६६ सालीं अमेरिकेच्या संघसरकारनें ऐतिहासिक वास्तूंविषयीं कायदा केला. त्याअन्वयें वास्तु सामान्यतः पन्नास वर्षांची असावी. पण केवळ वयानें भागत नाहीं. महत्त्वाची घटना, थोर व्यक्ति, वैशिष्ट्यपूर्ण बांधणी किंवा भूतकाळाविषयींची माहिती, यांपैकीं एखादा आधार लागतो. शिवाय मूळ रूपही टिकलेलें असावें. थोर पुरुषाचें घर खरें. परंतु भिंती, खिडक्या, छप्पर सारेंच नवें असेल, तर तें बहुधा नापास! उत्तीर्ण वास्तूसही अभय नाहींच. संघसरकारच्या कामानें तिला बाध येत असल्यास आधीं विचार करावा लागतो, इतकेंच. खाजगी मालक स्वतःच्या पैशानें ती पाडूं लागल्यास हा कायदा त्यास अडवीत नाहीं. आणि तें स्टेशनही खाजगी रेल्वे कंपनीचेंच होतें.